मनमोहनरावांची रायफल आणि तुझं भात

लालबाग, मुंबई १२
सर्वपित्री अमावास्या, दुपार

तीर्थस्वरूप अण्णांस, धाकटा चुलतभाऊ लवू याचा लालबागेतून वाकता येईल तितकं वाकून (कंबरेचा पट्टा अजून सुटलेला नाही) नमस्कार. इकडे आम्ही सर्व जागच्या जागी आहोत. तिकडे तुमचा गुडघा, वहिनींची सरपंचकी आणि तांबड्या गायीचं तिसरं वेत, तिन्ही सुखरूप असतील अशी आशा आहे. एवढं 'तुम्ही' पुरे. वडीलधाऱ्यांना पत्रात 'तुम्ही' लिहायची शिस्त मास्तरांनी छडीने लावली खरी, पण तसं लिहायला लागलो की मी तुझ्याशी नाही, तलाठ्याशी बोलतोय असं वाटतं. तर आता 'तू'.

फोन सोडून पत्र का, तर तू फोन स्पीकरवर टाकून पडवीत ठेवतोस आणि मी इथे बोललेलं वाडीतले पंधरा जण ऐकून त्यावर मत देतात. हे पत्र एकट्याने वाचायचं आहे. वहिनींनी वाचलं तर चालेल, किंबहुना त्यांना वाचावंच लागेल.

तुझा निरोप पोचला. "भात पिकत इला आणि डुकरांनी अर्धो कुणगो लोळवल्यानी. वनखात्याची परवानगी गावली, पण बंदूक नाय. रायफल खयची घेव, दुर्बीण खयची लाव, काडतुसां घराक भरूक येतत काय, ता तुझ्या त्या मनमोहनरावांका इचार. आणि जमला तर रायफल घेवन त्यांकाच धाड." अण्णा, निरोप आणणाऱ्याने तो इतका मन लावून सांगितला की मला इथे परळच्या नाक्यावर तुझा कुणगा, खाचराचा तो तुकडा, आणि त्यात लोळवलेलं भात दिसलं. पण या तीन प्रश्नांची उत्तरं मनमोहनरावांकडून आणायची म्हणजे पोहायला शिकण्यासाठी पोस्टातल्या माणसाकडे जाण्यासारखं आहे. का, ते सविस्तर सांगतो. तू चहा घेऊन बस.

मनमोहनराव म्हणजे गिरगावचे मनमोहन धैर्यवान. (आडनाव मी बनवलेलं नाही. पाठारे प्रभूंमध्ये ते आहे, आणि ते त्यांनी वडिलोपार्जित म्हणून सांभाळलं आहे, वापरलेलं नाही.) खोताच्या वाडीपासून चार पावलांवर तिसऱ्या मजल्यावर राहतात, वय एकाहत्तर, विमा कंपनीतून मॅनेजर होऊन निवृत्त. त्यांचे वडील भाऊसाहेब मोठे शिकारी. एका रानडुकरावर पाय ठेवून उभे असलेले भाऊसाहेब त्यांच्या दिवाणखान्यात अजून भिंतीवर आहेत, आणि जेवायला बसलं की डुक्कर आपल्याकडे बघतं. भाऊसाहेबांमागे उरली ती एक तीनशेपंधरा बोअरची बोल्टची रायफल. म्हणजे दर गोळीमागे खिट्टी हाताने उचलून मागे ओढायची, पुढे सारायची, मग दुसरी. बहात्तर साली कायद्याने शिकार बंद झाली तेव्हा मनमोहनराव एकोणीस वर्षांचे होते. पुढे परवाना त्यांच्या नावावर आला. तेव्हापासून रायफल कपाटात, तेलपाणी दर रविवारी. बावन्न वर्षांत त्या माणसाने जिवंत प्राण्यावर नेम धरला असेल तर तो बाजारात पापलेटवर.

आता ती बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली आहे. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, आणि त्यांचा मुलगा अभिषेक म्हणतो की भाड्याच्या घरात बंदूक नको. परवान्याचं नूतनीकरण डिसेंबरात आहे, अर्जात 'कशासाठी हवी' हा रकाना असतो, आणि अभिषेक बापाला एवढंच विचारतो, "बाबा, त्यात काय लिहिणार, तेलपाणी?" डिसेंबरपर्यंत काही लिहिण्यासारखं घडलं नाही तर रायफल सरकारजमा करायची, असं बापलेकांत ठरलं आहे. त्या दिवसापासून म्हातारा झोपेत खिट्टी ओढतो, असं लीलावहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, सांगतात.

तर पहिला प्रश्न, रायफल कुठली. मनमोहनरावांना वाटलं, आपल्या हातून काही होत नाही त्याचं कारण रायफल जुनी. मग निवड सुरू झाली. दादरला वैभव नावाचा एक सल्लागार आहे, वय चौतीस, कॉम्प्युटरवर काम, परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघून बंदुकीत पारंगत. (स्वतः त्याने लहानपणी टिकल्यांचं पिस्तूलही उडवलेलं नाही. कान दुखतात म्हणून आईने दिलं नाही. हे आईनेच सांगितलं.) दर रविवारी त्याच्या गॅलरीत बैठक. मीही जायचो, कारण कॉफी चांगली असते. तीनशेआठ, तीस-शून्य-सहा, दोनशेत्रेचाळीस, असे आकडे तासन् तास चालायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं मटका पुन्हा चालू झाला. कुठली गोळी किती अंतरावर किती खाली पडते, कुठल्याने सांबर पडतं, कुठल्याने अस्वल. दादरच्या गॅलरीतून, अण्णा. समोर कबुतरं बसलेली असायची, तीही ऐकून उडायची नाहीत. लाकडी दस्ता बरा की फायबरचा यावर दोन महिने गेले. चौदा महिन्यांनी एकमताने ठरलं की तीनशेआठच घ्यावी, आणि त्याच दिवशी कळलं की परवाना जिच्या नावाचा आहे तीच रायफल राहणार, दुसरीचा अर्ज म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. वैभव शांतपणे म्हणाला, "तशी तीनशेपंधरासुद्धा अंडररेटेड आहे." मग पुढचे तीन रविवार ती कशी सर्वोत्तम, यावर गेले.

दुसरा प्रश्न, दुर्बीण. रायफलीवर बसवायची ही दुर्बीण म्हणजे हातभर नळकांडं, आत अधिकचं चिन्ह, बाजूला दोन चकत्या. चकती फिरवली की 'टिक टिक' वाजते आणि नेम तेवढा सरकतो. मनमोहनरावांनी अशी दुर्बीण निवडली की तिच्यातून चंद्रावरचे खड्डे दिसावेत. मी विचारलं, डुक्कर किती लांब असणार? म्हणाले, साठ-सत्तर मीटर. मी म्हटलं, मग एवढ्या मोठ्या दुर्बिणीतून डुकराचा एक केस दिसेल, तो कुठल्या बाजूचा ते कसं कळणार? तर वैभवने माझ्याकडे असं बघितलं की जसं मी देवळात चपला घालून आलोय.

ती पारखायला आम्ही कफ परेडला मच्छीमार नगरात गेलो. नुसती दुर्बीण घेऊन, रायफल घरी. लांबच्या होडीवरचा नंबर वाचता येतो का बघायचा होता. मनमोहनराव धक्क्यावर उभे राहून एक डोळा मिटून बघतायत, वैभव बाजूला आकडे टिपून घेतोय, आणि मधे वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळतायत. एक कोळीणबाई बराच वेळ बघत होती. शेवटी टोपली खाली ठेवून म्हणाली, "बाबा, बोंबील बघाला दुर्बीण कशाला, जवल ये ना. की पैसं द्यावं लागतील म्हनून लांबून बघतंस?" आजूबाजूच्या बायका जाळ्यात तोंड घालून हसल्या. मनमोहनरावांनी आब राखण्यासाठी दोन किलो सुके बोंबील घेतले आणि दुर्बिणीच्याच बॅगेत ठेवले. त्या बॅगेला आजतागायत कोणी मांजर नाही म्हटलेलं नाही.

मग आली गेल्या वर्षीची खंडेनवमी. शस्त्रांची पूजा त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्यांची. लीलावहिनींनी पाट मांडला, त्यावर रायफल, शेजारी नवी दुर्बीण सुटी, तिची बैठक, चार स्क्रू, पाना, आणि वैभवही आलेला म्हणून त्याचा फोन. (तो म्हणाला, माझं शस्त्र हेच. हे मात्र खरं बोलला.) हळदकुंकू, झेंडू आणि ओंजळभर अक्षता. तांदूळ तूच पाठवलेला सुरय होता. लीलावहिनी पूजेला दुसरा वापरत नाहीत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मनमोहनरावांनी मुहूर्ताने दुर्बीण रायफलीवर चढवली. पूजेचं पुसायचं नसतं म्हणून कुंकवासकट. हे ध्यानात ठेव, पुढे लागेल.

दिवाळीनंतर मुंबईबाहेरच्या एका रेंजवर गेलो. शंभर मीटरवर कागद लावलेला. मनमोहनराव वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून बसले, श्वास धरला, आणि आवाज असा झाला की माझा कंबरेचा पट्टा एक भोक सैल झाला. कागद कोरा. दुसरी गोळी, कागद कोरा. तिसऱ्या वेळी शेजारच्या पट्टीवरून अनुजा नावाची एक कॉलेजातली मुलगी उठून आली. स्पर्धांची तयारी करते, शांत पोरगी. म्हणाली, "काका, माझ्या कागदावर चार भोकं आहेत, मी तीनच मारल्यात. चौथी नऊच्या रिंगणात आहे. थँक्यू." मनमोहनरावांनी चकती फिरवली, पुन्हा मारली, तर गोळी आणखी उजवीकडे. उलट फिरवली, तरी उजवीकडे, पण वेगळ्याच उंचीवर. सबंध हिवाळा असे सहा रविवार. तिने शेवटी त्यांच्या डावीकडची जागा घ्यायला सुरुवात केली.

वैभवकडे कारणं तयार होती. मुंबईची खारी हवा. लाकूड फुगतं. नळी तापते. पृथ्वी फिरते. (पृथ्वी फिरते हे मला मान्य आहे, पण ती शंभर मीटरसाठी एवढी मेहनत घेत असेल असं वाटत नाही.) एका रविवारी म्हणाला की आदल्या रात्री मटण खाल्लं की नाडी जड होते आणि नेम उडतो. पाठारे प्रभू माणूस, अण्णा, पण शनिवारचं मटण सोडलं त्याने. लीलावहिनी मला म्हणाल्या, "तुमच्या मित्राला रायफल हवी की विठोबाची माळ, ते एकदा विचारा."

तिथून निघाला तुझा तिसरा प्रश्न, काडतुसं घरी भरणं. वैभवचं म्हणणं, तयार काडतूस म्हणजे तयार कपडा, अंगाला बसत नाही. प्रत्येक रायफलीचा घास वेगळा, तो आपला आपण शोधायचा. कॅनडातल्या भाचीकडून काडतूस भरायचं हातयंत्र आलं. (तरफ ओढायची, खाली काडतूस बसतं. आपल्या वाडीत शेवयांचा साचा आहे ना, तोच, फक्त इंग्रजी.) आता यंत्र आलं, तर दारू नाही. ती आपल्याला कोण देणार, आणि कायदा का देऊ देईल? मनमोहनराव कायद्याच्या बाहेर नखभर जाणारे नाहीत. विम्याच्या फॉर्मवरची बारीक अक्षरं वाचणारा जगातला एकमेव माणूस आहे तो. मग दोघांनी ठरवलं की परवानगी मिळेल तेव्हा मिळेल, तोवर हात बसवू. आणि रिकाम्या पुंगळ्यांत ते रवा भरायला लागले.

खोटं नाही सांगत. बारीक रवा. सोनाराचा काटा आणला, त्यावर रवा तोलायचा, चिमटीने दोन कण काढायचे, पुन्हा तोलायचा, वहीत लिहायचं. पंखा बंद, खिडकी बंद, बोलायचं नाही, शिंकायचं तर जिन्यात जाऊन. मी एकदा विचारलं की हे रव्याचं माप दारूला कसं लागू पडणार? वैभव म्हणाला, "काका, इट्स अबाऊट डिसिप्लिन." आतून लीलावहिनींचा आवाज आला, "आज सत्यनारायणाच्या शिऱ्याला रवा नाहीये, डिसिप्लिनमधला अर्धा किलो परत द्या." शिऱ्यात काडतुसाच्या बुडाची एक रिकामी टिकली आली, ती माझ्या वाटीत.

एप्रिलमध्ये निवडणूक लागली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात, तुला ठाऊक आहे. मनमोहनरावांनी रायफल जमा केली आणि सोबत तिची काळजी कशी घ्यायची याचा टाईप केलेला कागद दिला: उभी ठेवू नये, आडवी ठेवू नये, तिरकी ठेवावी. मग रोज संध्याकाळी तिला बघायला जायचे, जसं कोणी वॉर्डात नातेवाईक बघायला जातं. तिथले हवालदार म्हणजे भला माणूस. चौथ्या दिवशी म्हणाले, "काका, ती बरी आहे, जेवली." पण खरी गंमत परत घेताना झाली. मनमोहनरावांनी जमा करताना काटेकोरपणे सगळंच दिलं होतं, त्यात रव्याची सहा. हवालदार यादी वाचून एकेक काडतूस टेबलावर ठेवत होते. 'जिवंत काडतूस, नग एक', असं त्यांनी लिहिलं, आणि त्यातून एक पोरकिडा बाहेर आला, थांबला, आणि रजिस्टरवरून चालत गेला. हवालदारांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी किड्याकडे बघितलं, मग मनमोहनरावांकडे, मग त्या कागदाकडे. म्हणाले, "काका, एवढी जिवंत असतात हे आम्हालापण माहीत नव्हतं." साहेबांसमोर काडतूस फोडून रवा दाखवून पाऊण तासाने सुटका झाली. येताना टॅक्सीत मनमोहनराव एकच वाक्य बोलले: "लवू, भाजून भरायला हवा होता."

आता हे सगळं मी का सहन करत होतो, असं तू म्हणशील. कॉफी हे एक कारण झालं. दुसरं असं की गिरणी संपात गेल्यावर मी भंगारातला एक लेथ घेऊन या गाळ्यात बसलो, तेव्हा मला इंग्रजी कोटेशन लिहिता येत नव्हतं. विम्याच्या कामाने हा माणूस गाळ्यात आला, माझं कोटेशन बघितलं, हसला नाही, खुर्ची ओढून बसला आणि नवीन लिहून दिलं. पुढे चार वर्षं दर शनिवारी संध्याकाळी येऊन लिहून द्यायचा. मोबदला म्हणून वर्षातून एकदा सुक्या सोड्यांची पिशवी घ्यायचा, तीही लीलावहिनींना आवडतात म्हणून. ते असो. तेवढ्याने माणसाला रायफल चालवता येते असं नाही.

बाकी तू माझे कान जाणतोस. चाळीस वर्षं यंत्रांत काढली, स्पिंडल फिरतं ठेवून मी चहाच्या टपरीवरून सांगतो कुठली बेअरिंग जाणार. गेल्या महिन्यात पाऊस उघडल्यावर पुन्हा रेंजवर गेलो. पुन्हा गोळ्या उजवीकडे. वैभव हवेतली आर्द्रता मोजत होता. मी डोळे मिटून बसलो होतो. मनमोहनरावांनी खिट्टी पुढे सारली, खाली दाबली, 'खट्'. आणि त्याच्यामागून, सुईएवढं, 'टिक'. मी म्हटलं, पुन्हा करा. पुन्हा 'खट्', पुन्हा 'टिक'. खिट्टीचा आवाज एकच असायला हवा. दुसरा आवाज म्हणजे काहीतरी बसलेलं नाही. दोघंही मला म्हणाले, काही नाही रे, तुला भास. मी खिशातला पाना काढला, दुर्बिणीची मागची बैठक सोडवली, उचलली.

खाली तांदूळ.

एक अक्षता, अण्णा. कुंकवाने चिकटलेली, अर्धी चेपलेली, पण जागची हटली नव्हती. तिच्यावर दुर्बिणीची मागची बाजू वर्षभर डुगडुगत होती. खारी हवा नाही, पृथ्वी नाही, मटण नाही. तुझ्या कुणग्यातला एक दाणा. डुकरांनी आणि दादरच्या विद्वानांनी मिळून तुझ्या भाताचं जेवढं केलं नसेल, तेवढं त्या एका दाण्याने यांच्या वर्षभराच्या अभ्यासाचं केलं. मी तो नखाने काढला, खिशातल्या तंबाखूच्या डबीत टाकला, आणि 'स्क्रू ढिला होता' एवढंच बोललो. खरं सांगितलं असतं तर बोल लीलावहिनींच्या पूजेला लागला असता. बैठक पुन्हा आवळली. मनमोहनरावांनी चकती चार 'टिक' फिरवून तीन गोळ्या मारल्या. तिन्ही एका आमटीच्या वाटीच्या तोंडात. अनुजाने येऊन बघितलं आणि "काका" एवढंच म्हणाली. वैभवने तिथल्या तिथे व्हिडिओ केला: सप्टेंबरातली आर्द्रता तीनशेपंधराला कशी मानवते.

तर तुझ्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच. रायफल घेऊ नको, दुर्बीण लावू नको, आणि काडतुसात घालायचा तो रवा वहिनींना दे. ज्याला डुकरं हाकलायची आहेत तो या लोकांच्या नादी लागला की पुढच्या खंडेनवमीला भात डुकरांच्या पोटात आणि वही आकड्यांनी भरलेली. तुझ्यासाठी मी आमच्या गाळ्यात झटका मशीन बनवून घेतलं आहे, कुंपणाच्या तारेत बॅटरीवरून झटका सोडणारं, डुक्कर मरत नाही, फक्त त्याचं मत बदलतं. तार, खुंटे, सौर पट्टी, सगळं सोमवारी टेम्पोने निघतंय. तारा कशा ओढायच्या ते चिठ्ठीत लिहिलं आहे. आणि मनमोहनरावांना तिकडे आणायचा विचार डोक्यातून पार काढून टाक. आंब्याला दगड मारून चुकणारा माणूस आहे तो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गायीला माझ्यातर्फे मूठभर पेंड.

तुझा,
लवू

ता. क. मनमोहनराव अष्टमीला दुपारी तुझ्याकडे पोचतायत. अभिषेक गाडीने सोडायला येतोय, परवाना आणि तू निरोपासोबत धाडलेली परवानगीची प्रत बरोबर आहे. तुझा निरोप ऐकला आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी बॅग काढली. (बॅग तीच, बोंबलांची. मांजरं आत घे.) चहा बिनसाखरेचा. मटण आता पुन्हा खातात. आर्द्रतेवर सगळं आल्यापासून मटण निर्दोष सुटलं.

आणखी एक. खरं काम हे आहे, एरवी पत्राला तिकीट लावलं नसतं. कालिंदीवहिनी सरपंच आहेत. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर त्यांनी चार ओळी लिहून द्याव्यात: श्री. मनमोहन धैर्यवान हे आमच्या बोलावण्यावरून पीकसंरक्षणासाठी आपली रायफल घेऊन आले, त्यांच्या येण्याने उपद्रव थांबला, पुढील हंगामातही त्यांची गरज आहे. डिसेंबरच्या अर्जात त्या रकान्यात हेच लिहायचं आहे. मसुदा मी इंग्रजीतही केला आहे, सोबत जोडतो. कोटेशनची सवय. उपद्रव झटका मशीनने थांबेल की कशाने, हे पत्रात लिहायची पद्धत नसते. आणि हे खरंच व्हायला हवं म्हणून गोळी झाडून होईपर्यंत मशीनचं बटण बंद ठेव.

आणखी एक. परवा त्यांच्याकडे दिवाणखान्यात डुकराच्या फोटोखाली बसलो होतो. आत स्वयंपाकघरात दोघं हळू बोलत होते. माझे कान मी घरी ठेवून जाऊ शकत नाही. मनमोहनराव म्हणाले, "पिलं असतात गं मागे. ओळीने चालतात." लीलावहिनी म्हणाल्या, "मग जाऊ नका." "न जाऊन कसं चालेल? अभिषेक काय म्हणेल." "मग जा आणि नेम चुकवा." कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग म्हणाले, "मुद्दाम चुकवायचा म्हणजे भाऊसाहेबांसमोर खोटं बोलल्यासारखं आहे. इतके दिवस गोळी लागत नव्हती तेच बरं होतं."

आता शेवटचं, आणि हे वाचून झाल्यावर पत्र चुलीत घाल. काल 'स्क्रू पुन्हा एकदा बघून देतो' म्हणून त्यांच्याकडे गेलो आणि तंबाखूच्या डबीतला तांदूळ होता तिथे परत ठेवून आलो. गोळी उजवीकडे जाईल. तेव्हा त्यांना सकाळी उजेडात मोठ्या कातळासमोर बसव, उजव्या हाताला नुसती दरड येईल असं, आणि वाडीतल्या पोराटोरांसकट सगळे त्यांच्या पाठीमागे. एकच बार, मग रायफल आवरायला लाव. त्या आवाजाने कळप डोंगरापल्याड जाईल, पुढचं मशीन बघेल. ते दुर्बिणीला शिव्या देतील, तूही दे. नवमीची पूजा यंदा तुमच्याच घरी होईल. वहिनींना सांग, हळदकुंकू वाहा, झेंडू वाहा, अक्षता तेवढ्या नकोत. आहे ती एक पुरे.